घरात दुखवटा, समोर परीक्षा आणि मित्रांचं ‘येतोस का?’: तिन्ही एकाच वेळी कसं पेलायचं?

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक बातमी हमखास येते. गाव बदलतं, नाव बदलतं, मथळा मात्र साधारण तोच असतो. वडिलांचं पार्थिव घरात आणि लेकीने दिला बारावीचा पेपर. लोक हळहळतात, कौतुक करतात, बातमी शेअर करतात. पेपर देऊन आलेली मुलगी अंत्यसंस्काराला उभी राहते आणि बातमी तिथेच संपते.

पण तिचा पुढचा पेपर दोन दिवसांवर असतो. मग निकाल, ॲडमिशन, नवं कॉलेज. महिनाभराने मैत्रिणी विचारतात, ‘पिक्चरला येतेस का?’ जावंसं वाटतं आणि त्याच क्षणी वाटतं, लोक काय म्हणतील? आपण इतक्यात विसरलो का?

घरातलं माणूस गेल्यावर विद्यार्थ्यांना नेमकं काय पेलावं लागतं? दुःखात असताना हसणं, फिरणं, चविष्ट काही खाणं चुकीचं असतं का? आणि अभ्यासात खंड पडला तर नियम काय सांगतात?

साहित्य सहवासमधलं एक घर

या विषयावर बोलताना मराठी घरांत एक उदाहरण हटकून दिलं जातं. मे १९९९. इंग्लंडमध्ये क्रिकेट वर्ल्ड कप सुरू होता आणि मुंबईत प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांचं निधन झालं. ते कवी होते आणि दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवास वसाहतीत हे कुटुंब राहायचं. सचिन तातडीने मुंबईला आला. त्याच्या गैरहजेरीत भारत झिंबाब्वेविरुद्ध अवघ्या ३ धावांनी हरला. अंत्यसंस्कारानंतर तो परत इंग्लंडला गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलमध्ये केनियाविरुद्ध १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. शतक झाल्यावर त्याने आकाशाकडे पाहिलं.

ही गोष्ट मुलांना सांगताना तिचा अर्थ बहुतेक वेळा ‘रडत बसायचं नाही, कामाला लागायचं’ असा लावला जातो. पण त्यातले दोन तपशील निसटतात. एक, सचिन आधी घरी आला होता, एक सामना सोडून. दोन, परत जा, असं त्याला त्याच्या आईनेच सांगितलं होतं. म्हणजे शोकाला वेळ मिळाला होता आणि कामावर परतायला घरातल्या माणसाची परवानगीही. सामान्य घरातल्या मुलाला अनेकदा या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

शोकाचे ‘पाच टप्पे’ खरंच असतात का?

नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. शोकाच्या या पाच टप्प्यांबद्दल अनेकांनी वाचलेलं असतं. डॉ. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९च्या पुस्तकात ते मांडले. पण त्यांचं ते काम मुख्यतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवर उभं होतं, मागे राहिलेल्या कुटुंबीयांवर नाही. पुढच्या संशोधनात शोक असा जिन्याच्या पायऱ्यांसारखा क्रमाने जाताना दिसला नाही.

१९९९मध्ये नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी वेगळी मांडणी केली. तिला ‘ड्युअल प्रोसेस मॉडेल’ म्हणतात. सोप्या भाषेत, शोक हा झोक्यासारखा असतो. एका टोकाला गेलेलं माणूस असतं: आठवण, रडणं, फोटो पाहणं, रिकामी खुर्ची. दुसऱ्या टोकाला चालू आयुष्य असतं: बँकेची कामं, सबमिशन, घरातल्या नव्या जबाबदाऱ्या, नवे मित्र. माणूस या दोन टोकांमध्ये हेलकावे घेत राहतो, कधी एकाच दिवसात अनेकदा. आणि मध्येच काही वेळ तो दोन्हीपासून सुट्टी घेतो. कटिंग पितो, मॅच बघतो, उगाच हसतो.

या मांडणीनुसार हा हेलकावाच माणसाला सावरतो. फक्त रडत राहणं जितकं अवघड, तितकंच फक्त अभ्यासात तोंड खुपसून बसणंही. म्हणून सकाळी अंघोळ करताना रडलेला मुलगा दुपारी कँटीनमध्ये खो-खो हसत असेल, तर त्यातलं काहीही खोटं नसतं.

हसण्याबद्दल तर स्वतंत्र अभ्यास झाला आहे. डॅचर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या संशोधकांनी जोडीदार गमावलेल्या लोकांशी काही महिन्यांनी बोलताना त्यांचे चेहरे टिपले. गेलेल्या माणसाबद्दल सांगताना जे मनापासून हसले, त्यांच्यात मानसिक त्रास कमी आढळला. हा अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बाबा असते तर काय म्हणाले असते’ हे आठवून हसू येणं, हीसुद्धा आठवणच आहे.

आपल्या रूढींमध्येही हा झोका आहे

मराठी घरांत हे अगदीच नवीन नाही. अनेक घरांत १० दिवस सुतक असतं. त्या दिवसांत चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारी-नातेवाईक पिठलं-भात आणून देतात. तेराव्याला गोडाचं जेवण होतं. जातीनुसार, गावानुसार रीत बदलते, पण आराखडा तोच. आधी थांबायची मुभा, मग तोंड गोड करून पुन्हा व्यवहारात यायची परवानगी. पहिल्या दिवाळीला घरात फराळ करत नाहीत, पण नातेवाईक डबे घेऊन येतात. म्हणजे घरातल्यांनी आनंद करायचा नाही, तरी चकली पोरांच्या तोंडात पडतेच.

अडचण येते ती ‘वर्षभर काही नाही’ या सल्ल्याने. वर्षभर सण नाही, नवे कपडे नाहीत, गरबा नाही, ट्रेकही नाही. मोठ्यांसाठी हा आदर असतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासाठी मात्र कॉलेजचं एक अख्खं वर्ष जातं. यंदा गणपती साधेपणाने बसवायचा की नाही, हे घराने ठरवावं. पण सोसायटीच्या मंडपात मित्रांबरोबर मुलगा जाऊन बसला, तर त्याचा अर्थ दुःख ओसरलं असा होत नाही.

उपनगरात हे जास्त अवघड का होतं?

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या घरांची एक अडचण साधी आहे. जागा. वन रूम किचन किंवा वन बीएचकेमध्ये भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. तिथे ना रडायला कोपरा असतो, ना अभ्यासाला. कित्येक जण लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून रडून घेतात, कारण गर्दीत कुणी विचारत नाही. अशा वेळी वस्तीतली अभ्यासिका किंवा मित्राचं घर ही चैन राहत नाही, गरज होते.

दुसरी अडचण कामांची. मृत्यूची नोंदणी, दाखला, बँक, विमा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. ऑनलाइन फॉर्म भरता येतात म्हणून ही धावपळ घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. आई गेली असेल, तर स्वयंपाकघर बहुतेक वेळा मुलीकडेच येतं, तिची परीक्षा असली तरी. ही कामं काका, मामा, आत्या, शेजारी यांनी वाटून घेतली, तर अभ्यासाला सर्वांत मोठी मदत होते. ‘काही लागलं तर सांग’ म्हणण्यापेक्षा ‘दाखल्याचं मी बघतो’ हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

तिसरी गोष्ट आजी-आजोबांची. आई-वडील सकाळची लोकल पकडून जातात आणि रात्री परततात, अशा घरांत मुलाला वाढवलेलं असतं आजीने. ती गेली की भेटायला आलेले म्हणतात, ‘वय झालं होतं, सोनं झालं.’ शाळा-कॉलेजातही हे ‘मोठं’ कारण धरलं जात नाही. समाज ज्याला पुरतं दुःखच मानत नाही, अशा शोकाचा अभ्यास अमेरिकी संशोधक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात मांडला. जवळचा मित्र गेल्यावर, किंवा कुणालाच माहीत नसलेल्या प्रियकर-प्रेयसीच्या मृत्यूनंतरही हेच होतं. रडायचा हक्क नात्याच्या नावावरून ठरवला जातो, जिव्हाळ्यावरून नाही.

अभ्यास का होत नाही?

एकच पान पाच वेळा वाचूनही डोक्यात न शिरणं, झोप उडणं, वर्गात बसून लक्ष भलतीकडे असणं, हे शोकात सर्रास होतं. झोप बिघडली की पाठ केलेलं टिकत नाही. हा आळस नव्हे. स्वीडनमध्ये देशभरातल्या मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांना शाळेत सरासरीने कमी गुण मिळाल्याचं त्यात दिसलं.

उलटंही घडतं. काहींना अभ्यास हाच आधार वाटतो, कारण गणिताच्या उदाहरणाला तरी उत्तर असतं. दोन्ही स्वाभाविक आहे. सुरुवातीला तास-तासभर बसण्याचा हट्ट सोडून वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे करणं, नवं वाचण्याऐवजी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणं आणि एका मित्राकडे नोट्सची जबाबदारी देणं, एवढंही पुरतं.

हजेरी आणि परीक्षेचं काय?

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत ७५ टक्के हजेरीची अट असते. खऱ्या अडचणीत सवलत मागता येते, पण त्यासाठी प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज लागतो. वर्गशिक्षकांना तोंडी सांगितलं, एवढ्यावर थांबू नये. कॉलेजने घेतलेली परीक्षा चुकली असेल, तर पुन्हा देण्याची संधी आहे का, हे परीक्षा विभागात लगेच विचारावं.

सीबीएसईतही बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. तिथे आई किंवा वडिलांच्या मृत्यूसाठी सवलतीची तरतूद आहे आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीचा पेपर चुकला, तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. जेईई मेनची वर्षात दोन सत्रं असतात. नीट मात्र वर्षातून एकदाच होते, त्यामुळे तिथे निर्णय जास्त कठीण असतो.

दाखल्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९६९च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस राहत होता तिथे नाही. बोरिवलीच्या माणसाचा मृत्यू अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये झाला असेल, तर चौकशीही अंधेरीच्या वॉर्ड ऑफिसकडे करावी लागते. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती एकदम घेतलेल्या बऱ्या, कारण तो कॉलेजपासून बँकेपर्यंत सगळीकडे लागतो.

कॉलेजांवरही जबाबदारी आहे. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ‘आपल्याकडे काउन्सेलर कोण आहेत?’ हा प्रश्न विद्यार्थी हक्काने विचारू शकतो.

मदत कधी घ्यावी?

शोक हा आजार नाही आणि बहुतेक जण आपल्या माणसांच्या साथीने सावरतात. पण काहींमध्ये ओढ आणि वेदना इतकी तीव्र राहते, की रोजचं जगणं ठप्प होतं. त्याला आता स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. याचा अर्थ सहा महिने थांबून राहायचं, असा मुळीच नाही. खाणं-झोप पूर्ण बिघडली असेल, व्यसन वाढत असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर त्याच दिवशी बोलावं. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि ते ‘येतोस का?’

घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळची फेरी, मुलुंडच्या कालिदासला एखादं नाटक. या गोष्टी दुःखाच्या जागी येत नाहीत. त्या दुःख घेऊन चालण्याची ताकद देतात. मित्रांनी एवढंच करावं: विचारणं थांबवू नये. आज नाही म्हणाला, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं आणि मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्यावं.

घरच्यांनीही एक करावं. पोरगं पिक्चर बघून घरी आलं, तर ‘तुला बरं सुचतं’ असं म्हणण्याऐवजी ‘कसा होता?’ एवढं विचारावं. १९९९मध्ये वांद्र्यातल्या त्या आईने आपल्या मुलाला ‘जा’ म्हटलं होतं. उपनगरातल्या कित्येक मुलांना आज याच एका शब्दाची गरज असते. परीक्षेला जाताना, आणि मित्रांबरोबर जातानाही.