ज्योतीपुढचा हात : चित्रावरून अलक लिहिताना

चित्र पाहून अलक, म्हणजे अति लघु कथा, लिहायला घेतली की बहुतेकांची लेखणी वर्णनाकडे वळते. शंभर शब्दांतले साठ साडी, संध्याकाळ आणि उदास डोळे यांतच संपतात आणि कथेला जागा उरत नाही. वाचकाला दिसतंच आहे ते पुन्हा कशाला सांगायचं? चित्रातल्या एखाद्या बारीक गोष्टीचं कारण शोधायला लागलात की कथा हाताला लागते.

उदाहरणासाठी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ घेऊ. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी जलरंगात केलेलं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची लेकच उभी राहिली होती. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजून पाहतात, याचं मला वाईट वाटतं. एवढं काम करणाऱ्याचं नाव तरी त्याच्या चित्राबरोबर राहायला हवं. चित्रात एक स्त्री दिवा घेऊन उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आणि तिचा चेहरा उजळतो.

लिहिण्याआधी नुसतं बघा, कंटाळा येईपर्यंत बघा. कागदावर दोन रकाने करा. एकात फक्त दिसतं ते लिहा, दुसऱ्यात आपल्याला वाटतं ते. ‘हात ज्योतीच्या आड आहे’ हे पहिल्या रकान्यात. ‘ती नवऱ्याची वाट बघते आहे’ हे दुसऱ्यात, आणि तिथेच त्यावर काट मारा. हे चित्र पाहून सगळ्यात आधी सुचतं ते हेच, तुम्हाला आणि वाचकालाही. पहिली कल्पना बहुधा सगळ्यांच्या मालकीची असते.

आता पहिल्या रकान्यातली एकच गोष्ट उचला. मी हात घेतो. ज्योतीला हाताचा आडोसा का करतात? वारा असतो म्हणून. वारा आहे म्हणजे दार उघडं असणार. दिवेलागण झाल्यावर दार कोणी उघडलं, कोणासाठी? आणखी एक पाहा. दिवा घ्यायचा तो समोरचं दिसावं म्हणून. पण हात आड आल्याने समोर अंधारच राहतो आणि सगळा उजेड तिच्याच तोंडावर येतो. अंधारात कोणी उभं असेल, तर त्याला ती दिसते. तिला मात्र तो दिसत नाही. मला कथा मिळाली ती इथे.

लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ साली ‘लाओकोऑन’मध्ये म्हटलं होतं की चित्रकाराला एकच क्षण मिळतो, म्हणून त्याने असा क्षण निवडावा ज्यातून आधीचं आणि नंतरचं दोन्ही उमगेल. अलक लिहिणाऱ्याचं काम त्या क्षणाच्या थोडं पुढे जाण्याचं. चित्रात जे स्थिर आहे ते कथेत एकदाच हलवायचं. इथे तो हात हलला पाहिजे.

*कडी वाजली तशी माई दिवा घेऊन दारात आली. वारा होता, म्हणून तिने ज्योतीपुढे हात धरला.*

*“कोण आहे?”*

*उत्तर आलं नाही. अंगणातला पाचोळा तेवढा वाजला.*

*“दादा, तू असशील तर ये. आबांना जाऊन वर्ष झालं. आता तुला कोणी बोलणार नाही.”*

*पाचोळा पुन्हा वाजला आणि थांबला. माईने ज्योतीपुढचा हात काढून घेतला. दिवा विझला, तेव्हा उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं.*

पहिल्या खर्ड्यात दादाने काय केलं होतं, आबांनी त्याला कसं हाकललं, हे सगळं होतं. शेवटी ‘त्याला तोंड दाखवायची लाज वाटू नये म्हणून तिने दिवा विझू दिला’ असंही वाक्य होतं. ते सगळं काढलं. पारदर्शक जलरंगात शुभ्र उजेड रंगाने आणत नाहीत, तेवढा कागद कोरा राखतात, आणि एकदा रंग चढला की तो कोरेपणा सहसा परत मिळत नाही. कारण सांगणारं वाक्य असंच वाचकाची जागा भरून टाकतं. दोन नात्यांची नावं आणि ‘वर्ष झालं’ एवढ्यावर वाचक बाकीचं घर स्वतः उभं करतो.

झाल्यावर चित्र झाकून कथा एखाद्याला वाचून दाखवा. ‘कोणतं चित्र?’ असं त्याला विचारावं लागलं, तर कथा अजून चित्राच्या कुबडीवर उभी आहे. शीर्षकालाही हीच कसोटी लावा. ‘आशेचा किरण’ दिलं की शेवट आधीच फुटतो, ‘पाचोळा’ चालेल. कथा चित्राशेजारी छापणार असाल तर आणखी काही शब्द कापता येतात, कारण दिवा आणि स्त्री वाचकासमोरच असतात. पण हात धरल्याचं वाक्य तेव्हाही ठेवा. तो हात आधी धरलेला दिसला नाही, तर शेवटी काढून घेतल्याला काही अर्थ राहत नाही.