ठिपक्यांची नदी

आजचं चित्र जॉर्ज स्यूराचं, १८८८ सालचं. पॅरिसजवळच्या ग्रांद जात बेटावरून दिसणारी सेन नदी. एक पांढरं शीड, एक वल्हवणारा माणूस, काठावर झाड. बस्स. आणि सगळं ठिपक्यांनी रंगवलेलं. मूळ चित्र ब्रुसेल्सला आहे, पण ते समजायला आपण आमच्या बेंगळुरूच्या चिकपेटेत जाऊ.

मावशीबरोबर तिथे साड्या बघत होतो. दुकानदारानं धूपछाव रेशीम उलगडलं. ताणा निळा, बाणा गुलाबी. चार पावलांवरून मात्र साडी जांभळी! मावशी म्हणाली, “अरे, यात जांभळा धागा कुठाय?” कुठेच नव्हता. तो रंग आमच्या डोळ्यांत तयार होत होता. (साडी घेतली नाही, हा भाग वेगळा.)

स्यूराचं पाणी असंच आहे. आणि गंमत म्हणजे त्यामागचं शास्त्रही धाग्यांतूनच आलं. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात चित्रवस्त्रं विणत. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता रसायनतज्ज्ञ शेव्ह्रल. तक्रार आली, काळा रंग मलूल दिसतो. त्यानं तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांचे रंग काळ्याला मारत होते. यावरचं त्याचं पुस्तक १८३९ मध्ये निघालं आणि पुढे ते स्यूरानं वाचलं.

आता एक गैरसमज. पिवळे-निळे ठिपके शेजारी ठेवले की लांबून हिरवं दिसतं, असं सर्रास सांगतात. करून बघा, बहुधा राखाडीच दिसेल! रंग पॅलेटवर कालवले की काळवंडत जातात. ठिपक्यांचा मात्र डोळा सरासरी काढतो, म्हणून काळवंडणं टळतं. माझ्या मते खरी जादू त्याच्याही अलीकडे आहे. ठिपके पूर्ण विरघळलेले नाहीत आणि पूर्ण सुटेही नाहीत, त्या अंतरावर पाणी थरथरतं.

आपले ना. श्री. बेंद्रे १९१० साली इंदूरला जन्मले, बडोद्याला शिकवलं. उत्तरायुष्यात तेही या बिंदुवादाकडे वळले. त्यांची चित्रं बघतानाही आधी दूर उभे राहा, मग जवळ जा.

आणि स्यूराचं चित्र मोबाइलवर बघत असाल, तर बोटांनी मोठं करा, मग हळूहळू लहान करत या. ठिपके कधी जातात आणि नदी कधी येते, ते पकडा.