थायमिडीन: डीएनएच्या साखळीतली एक कडी आणि तिची नक्कल

डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं आपण शाळेत शिकलो. आज त्यातल्या ‘टी’बद्दल बोलू. ‘टी’ म्हणजे थायमिन हा बेस. तो डीऑक्सिरायबोज या साखरेला जोडला गेला की थायमिडीन बनतं. बेस अधिक साखर, म्हणजे न्यूक्लिओसाइड. त्याला फॉस्फेट लागलं की ते डीएनएच्या साखळीत बसायला तयार होतं.

आता इथं दोन कामं वेगळी करून बघा. बेसचं काम जोडी जमवण्याचं. थायमिन समोरच्या अ‍ॅडेनिनशीच जोडी करतो, म्हणून डीएनएची प्रत निघताना मजकूर जसाच्या तसा उतरतो. साखरेचं काम सांधण्याचं. तिच्या तिसऱ्या कार्बनवर एक ओएच गट असतो. पुढची कडी तिथंच अडकते. रेल्वेच्या डब्यांमधलं कपलिंग म्हणा ना! ते नसेल तर पुढचा डबा लागणारच नाही.

मग हा ओएच काढून तिथं तीन नायट्रोजनचा अ‍ॅझाइड गट बसवला तर? 1964 साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉर्विट्झ यांनी असा रेणू बनवला, तो कर्करोगासाठी. तिथं तो उपयोगी पडला नाही आणि मागे पडला.

पुढं एड्स आला. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो. आपल्या पेशीत शिरल्यावर त्याची डीएनए प्रत काढावी लागते. ते काम करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर या नकलेला फसतं. बेस तोच, म्हणून जोडी जमते. पण ओएच नाही, म्हणून प्रत अर्धवट राहते. हेच झिडोव्ह्युडीन, म्हणजे एझेडटी. मार्च 1987 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एचआयव्हीवरचं हे पहिलं औषध.

तुम्ही विचाराल, आपल्या पेशीसुद्धा डीएनए बनवतातच की! बरोबर. पण आपल्या केंद्रकातली विकरं ही नक्कल सहसा घेत नाहीत. तरी औषध निर्धोक नाही, रक्तक्षय होऊ शकतो. शिवाय विषाणू बदलत राहतो, म्हणून उपचारात अनेक औषधं एकत्र देतात.

1994 साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीचा निष्कर्ष आला. गरोदर आईला आणि जन्मल्यावर बाळाला एझेडटी दिलं, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं. एका ओएच गटाच्या जागेवर इतकं अवलंबून होतं.