तोरण्यांचं मोठेपण १९१२ मध्ये शोधू नये

अंजनवेलपासून खाली मालवणपर्यंतचा किनारा १९८१ पर्यंत एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होता. त्यामुळे मालवणकडच्या चित्रपटकार रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांच्यावर अंजनवेलकरांनी थोडा हक्क सांगितला, तर मालवणकरांनी रागावू नये. पण तोरण्यांचं नाव निघालं की बोलणं अडतं ते एकाच तारखेवर. १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘श्री पुंडलिक’ हा चित्रपट लागला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तिथेच लागला तो ३ मे १९१३ ला. मग पहिला भारतीय चित्रपट कोणाचा? माझ्या मते या वादाने सर्वांत जास्त नुकसान तोरण्यांचंच केलं आहे.

‘पुंडलिक’वर दोन मुख्य आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की छायाचित्रण इंग्रज माणसाने केलं आणि फिल्म धुतली गेली लंडनला. हा आक्षेप लंगडा आहे. फाळक्यांचा कॅमेराही लंडनहूनच आला होता. आणि बॉम्बे टॉकीजचे कितीतरी चित्रपट फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन माणसाने दिग्दर्शित केले, म्हणून त्यांना कोणी परदेशी म्हणत नाही. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: ‘पुंडलिक’ म्हणजे कॅमेऱ्यात उतरवलेलं नाटक. पण त्याच १९१२ साली अमेरिकेत अॅडॉल्फ झुकरने सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीचा ‘क्वीन एलिझाबेथ’ दाखवला, तोही असाच रंगभूमीवरून उचललेला फ्रेंच चित्रपट. तरी हॉलिवूडच्या इतिहासात त्याला मानाचं पान मिळतं. कारण त्या यशावर झुकरने कंपनी उभारली आणि तिच्यातूनच पुढे पॅरामाउंट झाली. म्हणजे प्रश्न नाटकाचा नाही, पुढे काय घडलं याचा आहे. या कसोटीवर फाळकेच सरस ठरतात, हे तोरण्यांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. ‘हरिश्चंद्र’मागोमाग ‘मोहिनी भस्मासुर’ आला, १९१७ मध्ये ‘लंका दहन’ आला. ‘पुंडलिक’ला अशी लगेचची वंशवेल फुटली नाही.

तीच कसोटी १९३० नंतरच्या काळाला लावली की चित्र उलटतं. बोलपट आला आणि मूकपटातले भलेभले गारद झाले. अमेरिकेत ग्रिफिथसारख्या दिग्गज दिग्दर्शकाचा शेवटचा चित्रपट १९३१ चा. पुढे तो १९४८ पर्यंत जगला, पण कामाविना. फाळक्यांनीही ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट केला, १९३७ साली. तोरण्यांनी मात्र याच वळणावर पुण्यात सरस्वती सिनेटोन काढली. विजेच्या सामानाच्या कंपनीतली नोकरी, मग सिनेमाच्या यंत्रांचा व्यापार, यांत त्यांची बरीच वर्षं गेली होती. चरित्रकार हा काळ घाईने उरकतात. मला तीच खरी तयारी वाटते. ध्वनी हे आधी यंत्राचं आणि भांडवलाचं प्रकरण होतं, कलेचं नंतर. सरस्वतीचा १९३२ चा ‘श्यामसुंदर’ मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला आणि शाहू मोडक व शांता आपटे ही दोन नावं त्यातूनच पुढे आली. यावर कोणी म्हणेल, ‘श्यामसुंदर’चे दिग्दर्शक भालजी पेंढारकर होते, त्याचं श्रेय तोरण्यांना कसं? दिग्दर्शनाचं नाहीच. पण भालजींच्या हाती स्टुडिओ दिला, नवख्या मुलांवर पैसा लावला तो तोरण्यांनी. झुकर तरी कुठे दिग्दर्शक होता?