लाकडातील शर्करा आणि पूर्वप्रक्रिया

कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारणतः ४० ते ५० टक्के भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो घटकांची साखळी होय. पिठातील स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. मग पीठ आपल्याला पचते आणि भुसा का पचत नाही? सेल्युलोजमधील घटकांची जोडणी निराळी असते. त्यामुळे तिच्या सरळ साखळ्या परस्परांना बिलगून दाट, स्फटिकासारख्या जुड्या बनतात. त्यांभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन असते आणि मधल्या फटी लिग्निन हा कठीण पदार्थ भरून काढतो. ज्या रचनेच्या बळावर वृक्ष शतकानुशतके उभा राहतो, तीच शर्करा मिळवू पाहणाऱ्यास आडवी येते.

आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८१९ मध्ये तीव्र सल्फ्युरिक आम्लाने भुशापासून साखर मिळवली होती. आज हे काम प्रामुख्याने विकरांकडे सोपवले जाते. परंतु विकराचा रेणू मोठा असल्याने तो लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरू शकत नाही. त्याला वाट करून देणे, हेच पूर्वप्रक्रियेचे प्रयोजन.

वाफेच्या पद्धतीत लाकडाच्या ढलप्या सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या वाफेत काही मिनिटे दाबाखाली ठेवतात व दाब एकदम सोडतात. तंतू फाटून विलग होतात. येथे एक गमतीचा भाग असा की, हेमिसेल्युलोजमधून सुटणारे ॲसेटिक आम्लच त्याच्या विघटनास हातभार लावते. म्हणजे लाकूड स्वतःच्याच आम्लाने उकलते!

सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरल्यास हेमिसेल्युलोजपासून झायलोज ही शर्करा सुटते. मात्र खरी अडचण पुढेच आहे. उष्णता वा आम्ल जास्त झाले, तर झायलोजचे फरफ्युरल बनते. शर्करा तर जातेच, शिवाय हे फरफ्युरल पुढील किण्वनात यीस्टला घातक ठरते. प्रक्रिया अपुरी राहिली, तर सेल्युलोज बंदिस्तच राहते.

या ओढाताणीत लिग्निनकडे बहुधा दुर्लक्ष झाले. कागद गिरण्यांत ते इंधन म्हणून जाळण्याचीच रीत आहे. वस्तुतः सुगंधी वलये असलेल्या संयुगांचा तो निसर्गातील सर्वांत मोठा साठा होय. तीव्र प्रक्रियेत त्याचे तुकडे पुन्हा परस्परांशी घट्ट जोडले जातात व तो निरुपयोगी ठरू लागतो. म्हणून इथेनॉल व पाण्याच्या उष्ण मिश्रणात लिग्निन विरघळवण्याची पद्धत अधिक विचारी वाटते. द्रावणात पाणी वाढवताच ते बऱ्यापैकी शुद्ध रूपात साक्याच्या स्वरूपात खाली बसते. द्रावक परत मिळवण्याचा खर्च मात्र सोसावा लागतो, आणि पाइनसारखे सूचिपर्णी लाकूड पॉप्लरच्या तुलनेत या सर्वच पद्धतींना अधिक चिवटपणे विरोध करते.