दुर्गाघाटावरचा वाद: ७७४ मोठे की १०,०००?

घाट बांधणाऱ्या नारायण दीक्षितांच्या काळापासून मराठी बोलणाऱ्या काशीच्या या दुर्गाघाटावर संध्याकाळी मुलं टेनिस बॉलने खेळतात. चेंडू गंगेत गेला की फलंदाज बाद, वर पोहून आणायचाही त्यानेच! पायऱ्यांवर बसलेल्या आम्हा रिकामटेकड्यांचा विषय मात्र ठरलेला: झोकातली सुरुवात मोठी की शेवटचा टप्पा?

सुरुवातीत गावसकरांना तोड नाही. १९७१, वेस्ट इंडीज. बोटाच्या दुखण्याने पहिली कसोटी हुकली. उरलेल्या चारांत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. पोर्ट ऑफ स्पेनच्या शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. वय २१! पुढे ७ मार्च १९८७ला अहमदाबादेत, पाकिस्तानविरुद्ध, कसोटीत १०,००० धावा करणारा जगातला पहिला फलंदाजही तोच.

सचिनचं उलटं. १९८९ला कराचीत पहिल्या कसोटीत १५, पहिल्या वनडेत भोपळा. नव्व्याण्णवावं शतक १२ मार्च २०११ला नागपुरात, शंभरावं थेट १६ मार्च २०१२ला मीरपूरला. दोन्ही सामने आपण हरलो, ही बोच वेगळीच.

आणि पृथ्वी शॉ? २०१८ला राजकोटला पदार्पणातच १३४. मग कसोट्या जेमतेम पाच. पोरगं हळहळायला लावतं.

बेसबॉलवाल्यांचाही हाच वाद असतो. इचिरो सुझुकीने अमेरिकेतल्या मेजर लीगमधल्या २००१च्या पहिल्याच मोसमात २४२ हिट मारले, आणि तीन हजारावा २०१६मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी.

माझं मत ७७४ला. तुमचं?