घटपर्णीवरील कोळी

घटपर्णी (नेपेंथिस प्रजाती) या कीटकभक्षी वनस्पतीच्या घटात राहून तेथेच शिकार करणाऱ्या कोळ्यांना घटपर्णीवरील कोळी म्हणतात. थोमिसस नेपेंथिफिलस आणि पूर्वी मिसुमेनॉप्स नेपेंथिकोला या नावाने ओळखली जाणारी जाती ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. हे कोळी खेकडा कोळ्यांच्या थोमिसिडी कुलातील असून आग्नेय आशियात आढळतात. सिंगापूरमधील नेपेंथिस ग्रॅसिलिस या वनस्पतीवर त्यांचा विशेष अभ्यास झाला आहे.

अधिवास

घटपर्णीच्या पानाच्या टोकाशी झाकण असलेला घट तयार होतो. त्याच्या काठाजवळ स्रवणाऱ्या मधुरसाने कीटक आकर्षित होतात आणि निसरड्या भिंतीवरून घसरून तळाच्या पाचक द्रवात पडतात. कोळी मात्र आतील भिंतीवर रेशमी धागे ताणून त्यांच्या आधाराने सुरक्षित राहतो.

शिकारीची पद्धत

हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. काठाखाली दबा धरून तो मधुरसासाठी आलेल्या कीटकास पुढील लांब पायांनी पकडतो, त्याच्या शरीरातील रस शोषतो आणि उरलेले कलेवर द्रवात टाकतो. धोका जाणवल्यास तो द्रवात उडी घेतो व शरीराशी जोडलेल्या धाग्यावरून पुन्हा वर येतो. काही वेळा द्रवातील डासांच्या अळ्याही तो खातो.

वनस्पतीशी संबंध

घटपर्णी नायट्रोजनची कमतरता असलेल्या जमिनीत वाढते. त्यामुळे कीटकांपासून मिळणारे पोषण तिच्यासाठी महत्त्वाचे असते. कोळी त्यातील वाटा घेत असल्याने तो वरकरणी चोर ठरतो. तथापि, एरवी निसटून जाणाऱ्या मोठ्या माश्याही तो पकडतो आणि त्यांचे अवशेष घटातच पडतात. प्रत्येक भक्ष्यामागे वनस्पतीला मिळणारे पोषण घटते, परंतु भक्ष्यांची संख्या वाढते. म्हणून हा संबंध वनस्पतीस कितपत लाभदायक ठरतो, हे उपलब्ध भक्ष्याच्या प्रकारावर अवलंबून असते, असे सिंगापूरमधील संशोधनातून दिसून आले आहे.

महत्त्व

या कोळ्यांचे जीवन घटपर्णीशी निगडित असल्याने वनस्पतीचा अधिवास नष्ट झाल्यास त्यांचाही आसरा जातो. भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी घटपर्णीची एकमेव जाती, नेपेंथिस खासियाना, मेघालयात आढळते व ती संकटग्रस्त आहे. घटपर्णीचे संरक्षण म्हणजे तिच्या घटात वसलेल्या जीवसृष्टीचेही संरक्षण होय.